बासी ईदची सहल

ईदच्या दिवशी शेजारीपाजारी येतात, शीरखुर्मा खातात, मुलांच्या हातावर ईदी ठेवून जातात. ईदच्या दुसऱ्या दिवसाबद्दल मात्र त्यांना सहसा माहीत नसतं. त्या दिवसाला ‘बासी ईद’ म्हणतात. बासी म्हणजे शिळी. तिची वेगळी नमाज नाही, तिला सरकारी सुट्टीही नाही. तरी मुंबईतल्या कितीतरी मुस्लिम घरांची वर्षातली एकमेव मोठी सहल याच दिवशी निघते. नाहूर, भांडुप, मुलुंडकडून निघालेल्या मंडळींची ठिकाणं बहुधा दोनच : भायखळ्याची राणीची बाग आणि हाजी अली.

माणसं किती, तर प्रत्येक वेळी मोजताना आकडा बदलतो. दादी असते, दोन चाचा-चाची असतात, माहेरपणाला आलेली फुफी, ठाण्यापलीकडून येणारी खाला, त्यांची मुलं आणि नवी सून. ऐंशीच्या घरातले गुडघे आणि आठ महिन्यांचं बाळ एकाच लोकलमध्ये चढवायचं असतं. त्यातल्या त्यात नाहूरकरांचं नशीब म्हणजे इथे फक्त धिम्या गाड्या थांबतात, त्यामुळे घाईच करता येत नाही. बोरीबंदर ते ठाणे ही देशातली पहिली प्रवासी गाडी १६ एप्रिल १८५३ रोजी याच वाटेने गेली, पण नाहूरला स्टेशन मिळायला २००६ उजाडलं. त्याआधी मुलुंड नाहीतर भांडुप गाठावं लागे. आता धिम्या गाडीत बसलं की भायखळ्यापर्यंत गाडी बदलावी लागत नाही. बायका-मुलं लेडीज डब्यात, पुरुष जनरल डब्यात, आणि ‘उतरल्यावर पुलाखाली थांबा’ ही सूचना दहा वेळा.

खरी कसरत वेळापत्रकाची असते. राणीची बाग बुधवारी बंद. म्हणजे ईद मंगळवारी आली, की बासी ईदला फाटक बंद. ईद बुधवारीच आली तर सुट्टीमुळे बाग उघडी ठेवतात आणि गुरुवारी बंद करतात, म्हणजे पुन्हा तेच! लहानांना पेंग्विन पाहायचे असतात. २०१६ मध्ये दक्षिण कोरियातून ते इथे आले, तेव्हापासून हत्तीला कोणी विचारेनासं झालं. अशा वर्षी चंद्र कधी दिसतो याची चिंता मोठ्यांपेक्षा पोरांनाच जास्त.

हाजी अलीचं वेळापत्रक तर समुद्राच्या हातात. दर्ग्याकडे जाणारी वाट भरतीत पाण्याखाली जाते. अमावास्येनंतरची पहिली कोर दिसली की दुसऱ्या दिवशी ईद, म्हणून त्या दिवशी पंचांगात बहुधा द्वितीया किंवा तृतीया असते. २०२२ आणि २०२३ अशी लागोपाठ दोन वर्षं ईद आणि अक्षय्यतृतीया एकाच दिवशी आल्या. २०२५ मध्ये गुढीपाडव्याच्या दुसऱ्याच दिवशी ईद होती. आणि अमावास्येच्या आसपास समुद्राला उधाण. कोळ्यांचा जुना हिशेब सोपा आहे : तिथीची पाऊणपट केली की भरतीची वेळ. तृतीयेला सव्वादोन, चतुर्थीला तीन. म्हणजे बासी ईदला दुपारी ऐन जेवणानंतर हाजी अलीला पोहोचणाऱ्यांना वरळीच्या किनाऱ्यावर उभं राहून नुसतं पाणी पाहावं लागतं. म्हणून जाणती घरं सकाळी राणीच्या बागेत जातात, दुपार तिथल्या जुन्या झाडांच्या सावलीत काढतात आणि पाणी उतरल्यावर, संध्याकाळी, टॅक्सीने दर्ग्याकडे निघतात.

हा सगळा खटाटोप कोणासाठी? मुलांसाठी, असं सगळे म्हणतात. पण महिनाभराचा हिशेब मांडला तर उत्तर वेगळं येतं. पहाटे सगळ्यांच्या आधी उठून सहेरी करणारी, दिवसभर स्वतः रोजा धरून संध्याकाळी भजी तळणारी, चाँदरातीला मध्यरात्रीपर्यंत सुकामेवा कापत बसणारी आणि ईदच्या दिवशी पाहुण्यांच्या वाट्या भरून भरून स्वतः सर्वांत शेवटी नवे कपडे घालणारी बाई. तिची ईद बासी ईदलाच उजाडते. अट एकच, त्या दिवशी चूल पेटता कामा नये. आणि नेमकी तीच मोडते. वीस माणसांचा डबा करायला तीच पहाटे उठते, कारण ‘बाहेरचं महाग पडतं’ आणि ‘अम्मीच्या हातची चव येत नाही’.

श्रावणातल्या शिळासप्तमीला अनेक हिंदू घरांत चुलीला विश्रांती देतात. आदल्या दिवशीचं अन्न खातात. बासी ईदचं नावही तेच सांगतं. ईदची उरलेली बिर्याणी, पाव, केळी, काकडी एवढ्यावर सहल उत्तम होते, आणि डबे भरण्याचं काम चाचा लोकांना जमत नाही असं कुठे लिहिलेलं नाही. काही घरांत ते जमूही लागलं आहे. बिर्याणी थोडी सांडते, इतकंच.

दर्ग्यातही बाईच्या पावलांचा एक इतिहास आहे. मध्यंतरी काही वर्षं मजारीजवळ जायला स्त्रियांना मनाई होती. मुंबई उच्च न्यायालयाने ऑगस्ट २०१६ मध्ये ती उठवली आणि पुढे दर्गा ट्रस्टनेही सर्वोच्च न्यायालयात स्त्रियांना प्रवेश देण्याची तयारी दाखवली. नातींना यात काही विशेष वाटत नाही, त्या वाटेवर फोटो काढण्यात दंग असतात. दादीला मात्र आठवतं. ती सुनेचा हात धरून सावकाश आत जाते आणि तिला घाई करायची हिंमत कोणाची होत नाही.

रात्री भायखळ्याहून परतीची धिमी गाडी. बाळ झोपलेलं, चपला हरवलेल्या, कोणाच्या तरी मांडीवर रिकामे डबे. घरी गेल्यावर जेवायला काय, हा प्रश्न साधारण घाटकोपर येईपर्यंत कोणी काढत नाही. मग कोणीतरी काढतंच. तेव्हा बाकावर डोळे मिटून बसलेली चाची झोपली आहे असं समजून, नाहूरला उतरल्यावर पाव-अंडी घ्यायला तिच्या नवऱ्यानेच जावं.