आबांचे वय आणि शासनाचा कागद

(द्वितीय वर्ष, कला)

आमच्या गावातील बरीच म्हातारी माणसे १ जानेवारीला जन्मलेली आहेत. ही थट्टा नव्हे. आधार कार्ड काढताना ज्यांच्यापाशी जन्माची नोंद नव्हती, त्यांना अंदाजे वय विचारले गेले, तेवढी वर्षे मागे मोजली गेली आणि तारीख आपोआप १ जानेवारी पडली. माझ्या वडिलांचे मामा, ज्यांना आम्ही सारी मुले आबा म्हणतो, ते असेच १ जानेवारी १९६३ चे झाले. या एका तारखेपायी त्यांचा निराधारांचा पगार चार वर्षे अडला होता. तो कसा सुटला हे सांगता सांगता, सरकारी योजनांचे मूळ कागद कुठे सापडतात व ते कसे वाचावेत, हे माझ्या मित्रमैत्रिणींना सांगावे, एवढाच या लेखाचा हेतू आहे. मी कायद्याची विद्यार्थिनी नाही. आमच्या घरातून महाविद्यालयाची पायरी चढणारी मी पहिलीच, त्यामुळे कोणाला विचारावे हेही मला ठाऊक नव्हते. लेखात उणीव राहिली असेल तर प्राध्यापकांनी सांभाळून घ्यावे.

आबांना मूलबाळ नाही. आजी गेल्याला बरीच वर्षे झाली. एक खोली, चार शेळ्या आणि शिधापत्रिकेवरचे धान्य, एवढाच त्यांचा प्रपंच. अशांसाठी शासनाची श्रावणबाळ सेवा राज्य निवृत्तिवेतन योजना आहे. ६५ वर्षे पूर्ण, महाराष्ट्रात किमान १५ वर्षांचे वास्तव्य आणि कुटुंबाचे तुटपुंजे उत्पन्न, या तिच्या मुख्य अटी. अनुदान महिना १,५०० रुपये. आबा २०२१ साली पहिल्यांदा अर्ज घेऊन तालुक्याला गेले. खिडकीवर आधार पाहिले गेले आणि "पासष्ट भरले की या" असे सांगून अर्ज परत देण्यात आला. तोंडीच. पुढे आणखी दोनदा हेच झाले. बाहेर बसणाऱ्या एका मध्यस्थाने आधारवरची तारीख "करून देतो" म्हणून अडीच हजार रुपये मागितले. आबांकडे तेवढे नव्हते, हे एका परीने बरेच झाले.

२०२४ च्या दिवाळीच्या सुट्टीत मी गावी गेले, तेव्हा आबा म्हणाले, "बहात्तरच्या दुष्काळात म्या खडी फोडली. मिसरूड फुटलं होतं मला. आता हे म्हणत्यात तू तवा नऊ वर्साचा होतास." मग माझ्या पुस्तकांकडे बोट दाखवून म्हणाले, "तुला वाचता येतंय ना माय, मग बघ की काय लिवलंय ते." हे "काय लिवलंय ते" मी सुट्टी संपल्यावर शोधायला लागले.

प्रथम मी चुकीच्या ठिकाणी शोधले, आणि ही चूक सर्वांचीच होते असे मला वाटते. अर्ज तहसील कार्यालयात द्यायचा, म्हणजे कागद महसूल विभागाचा असणार, असे मी धरून चालले. महाराष्ट्र शासनाच्या संकेतस्थळावर सर्व शासन निर्णय विभागवार ठेवलेले असतात व ते कोणालाही फुकट उतरवून घेता येतात. महसूल विभागात दोन दिवस शोधूनही मला काही मिळाले नाही. ग्रंथपाल सरांनी विचारले, "पैसा कोणत्या विभागाचा, ते पाहिलेस का?" खरेच, तहसीलदार फक्त राबवतात, योजना सामाजिक न्याय व विशेष सहाय्य विभागाची. एकदा विभाग बदलला आणि दहा मिनिटांत कागद हाती आला. तीच गोष्ट इतर योजनांची. रोजगार हमीचे निर्णय नियोजन विभागात, धान्याचे अन्न व नागरी पुरवठा विभागात. आपल्या शिष्यवृत्त्यांचे तर विद्यार्थी कोणत्या प्रवर्गातला यावर ठरते. आपण सारे नेट कॅफेत बसून अर्ज भरतो, परंतु ज्या निर्णयामुळे ते पैसे मिळतात तो आपल्यापैकी किती जणांनी डोळ्यांनी पाहिला आहे?

आता शासन निर्णय वाचायचा कसा, याबद्दल थोडे सविस्तर लिहिते, कारण खरी गंमत इथेच आहे. माथ्यावर विषय असतो, मग क्रमांक. या योजनांच्या क्रमांकाची सुरुवात "विसयो" अशी असते, म्हणजे विशेष सहाय्य योजना. मला आधी ते एखाद्या अधिकाऱ्याचे आडनाव वाटले होते! त्यानंतर "वाचा" किंवा "संदर्भ" असा मथळा देऊन खाली जुन्या निर्णयांची यादी असते. घाईत आपण ती ओलांडून पुढे जातो, पण सर्वांत मोलाची तीच. मला प्रथम मिळाला तो जुलै २०२३ चा निर्णय, ज्याने अनुदान १,००० वरून १,५०० रुपये झाले. त्यात वयाच्या पुराव्याबद्दल अक्षरही नव्हते. मी निराश झाले. मग ध्यानात आले की नवा निर्णय फक्त रक्कम बदलतो. अटी जुन्याच निर्णयात राहतात. "वाचा" या यादीतून एकेक पायरी मागे जात मी ऑगस्ट २०१९ च्या निर्णयापर्यंत पोचले. अनुदान ६०० चे १,००० झाले ते त्याच निर्णयाने, आणि त्यात अटी, कागदपत्रे, समितीची कामे, सारे सविस्तर मांडलेले होते. शेवटच्या पानावर एक लांबलचक संकेतांक असतो. त्याचे पहिले आठ आकडे म्हणजे वर्ष, महिना व दिवस. तो संकेतांक अर्जात लिहिला की "असा काही निर्णयच नाही" असे कोणाला म्हणता येत नाही.

आबांची सुटका त्या निर्णयातील कागदपत्रांच्या परिच्छेदात होती. वयाचा पुरावा म्हणून जन्मनोंदीचा उतारा, शाळा सोडल्याचा दाखला, शिधापत्रिकेत किंवा मतदार यादीत नमूद केलेले वय, अथवा ग्रामीण किंवा नागरी रुग्णालयाच्या वैद्यकीय अधीक्षकाचा वा त्याहून वरच्या दर्जाच्या वैद्यकीय अधिकाऱ्याचा दाखला, यांपैकी काहीही चालते. आबांची २००० सालची केशरी शिधापत्रिका पत्र्याच्या पेटीत प्लॅस्टिकमध्ये गुंडाळून ठेवलेली होती. तिच्यावर वय ४५. म्हणजे १९७२ साली ते १७ वर्षांचे होते. मिसरुडाची साक्ष खरी निघाली.

तरीही आधारचे काय, ही शंका उरलीच. आमच्या राज्यशास्त्राच्या सरांनी मला जिल्हा न्यायालयाच्या आवारातील जिल्हा विधी सेवा प्राधिकरणात जायला सांगितले. कोर्टाच्या आवारात पाय ठेवायलाच मला भीती वाटत होती, कारण आमच्याकडे कोर्ट म्हणजे जमिनीचे भांडण. गरिबाला मोफत विधी सहाय्य द्यावे असे राज्यघटनेचे कलम ३९-अ सांगते. ते १९७६ च्या ४२ व्या दुरुस्तीने आले. त्यासाठीचा विधी सेवा प्राधिकरण कायदा १९८७ चा आणि तो लागू झाला ९ नोव्हेंबर १९९५ ला. स्त्रिया, मुले, अनुसूचित जाती-जमाती, अपंग व्यक्ती यांना उत्पन्न न पाहता वकील मिळतो. इतरांसाठी महाराष्ट्रात वार्षिक तीन लाखांची मर्यादा आहे. तालुक्याच्या न्यायालयातही अशी समिती असते, आणि १५१०० हा दूरध्वनी क्रमांक देशभर चालतो. तिथल्या वकीलबाईंनी मला सांगितले की आधार हा ओळखीचा पुरावा आहे, जन्मतारखेचा नव्हे. ऑक्टोबर २०२४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने अपघाताच्या भरपाईच्या एका दाव्यात हेच म्हटले आहे. तिथे शाळा सोडल्याच्या दाखल्यावरचे वय ग्राह्य धरले गेले. मी त्या निकालाची प्रत मिळवली व त्यातील तेवढेच पान अर्जाला जोडले.

उत्पन्नाच्या दाखल्याची गोष्ट थोडक्यात. महाराष्ट्रात २०१५ पासून लोकसेवा हक्क अधिनियम आहे. त्याखाली या दाखल्याला १५ दिवसांची मुदत आहे, आणि ती उलटल्यास अपील करता येते. अर्जाची पोच मात्र हवी. पोच नसेल तर दिवस मोजायला सुरुवातच होत नाही.

उत्पन्नाची मर्यादा त्या निर्णयात वर्षाला २१,००० रुपये आहे. म्हणजे महिन्याला १,७५०. अर्थशास्त्राच्या तासाला आम्ही दांडेकर व रथ यांचा १९७१ चा अभ्यास शिकलो. त्यांनी माणसाला दिवसाला २,२५० उष्मांक लागतात असे धरून दारिद्र्यरेषा ओढली होती. वहीतली ही रेषा उष्मांकांची आणि खिडकीवरची रेषा २१,००० ची. अनुदानच वर्षाचे १८,००० होते. त्याहून फक्त तीन हजार जास्त मिळवणारा माणूस आपला निराधार राहत नाही, हे मला अजून पटलेले नाही. आबांना शेळ्यांपासून काही फार मिळत नाही, म्हणून ते या रेषेखाली बसले. शेजारची एक म्हातारी बसत नाही, आणि तिची अवस्था आबांहून बरी आहे असे कोणी म्हणणार नाही.

फेब्रुवारी २०२५ मध्ये मी आबांबरोबर गेले. अर्ज दोन प्रतींत, एकीवर शिक्का व तारीख. खिडकीवर पुन्हा "आधार?" असा प्रश्न आलाच. मी निर्णयाचा परिच्छेद पुढे केला आणि म्हटले, "साहेब, नामंजूर करायचा असेल तर लेखी द्या." अर्ज ठेवून घेतला गेला.

पुढे चार महिने काहीच कळले नाही. मग माहितीच्या अधिकाराचा अर्ज केला. आपल्या राज्यात तो जोडपत्र अ मध्ये लिहायचा, दहा रुपयांचे कोर्ट फी स्टँप लावायचे, विषय एकच आणि मजकूर दीडशे शब्दांच्या आत. माझा पहिला मसुदा तीन पानांचा झाला होता, त्यात आबांचे सारे चरित्र होते. सरांनी तो दोन प्रश्नांवर आणला: अर्ज समितीपुढे कोणत्या तारखेला ठेवला? निर्णय काय झाला? उत्तर ३० दिवसांच्या आत आले. अर्ज समितीपुढे ठेवलाच गेला नव्हता. ते उत्तर गेले आणि पुढच्याच बैठकीत आबांचे नाव मंजूर झाले. मधल्या चार वर्षांचे मात्र काही मिळाले नाही.

या साऱ्या शोधात एक गोष्ट मला सारखी टोचत राहिली. आबांनी खडी फोडली त्या दुष्काळाच्या कामांतूनच वि. स. पागे यांची रोजगार हमीची कल्पना राज्यभर रुजली. १९७७ साली तिचा कायदा झाला व २६ जानेवारी १९७९ पासून तो अमलात आला. मागेल त्याला काम, आणि काम न दिल्यास बेकारभत्ता, असा तो हक्क होता. २००५ च्या केंद्रीय कायद्याला पुढे हाच नमुना मिळाला. आबांनी नंतरही कित्येक वर्षे हमीच्या कामावर घालवली. मी त्यांना त्या कायद्याबद्दल विचारले, तेव्हा ते हसले. "कायदा? आमचा मुकादम हाच कायदा." दुष्काळात मिळणाऱ्या सुकडीची चव त्यांना आठवते, कायदा त्यांच्यापर्यंत कधी पोचलाच नाही. तो छापलेला होता, शासकीय ग्रंथागारात विकतही मिळत होता.

आबांच्या खात्यावर पहिले १,५०० रुपये आले तेव्हा त्यांनी बँकेतून परस्पर मला फोन केला आणि विचारले, "आता माझं वय कोणतं धरायचं?"

ही बातमी गावात पसरली. आता सुट्टीत गेले की पारावर कोणी ना कोणी पिशवी घेऊन येतो. माझ्या वहीत सध्या चार नावे आहेत, चौघेही १ जानेवारीचे. तिघांच्या जुन्या शिधापत्रिका सापडल्या आहेत. चौथ्या आजीची पुरात गेली, आणि मतदार यादीतले वयही आधारवरूनच घेतलेले दिसते. त्यांना ग्रामीण रुग्णालयात वैद्यकीय अधीक्षकांपुढे न्यायचे आहे. परीक्षा संपली की पहिल्या एस.टी.ने जाणार आहे.