मिनिटाला श्वास किती?

कुंडलच्या साखर कारखान्याचा हंगाम ऐन थंडीत भरात असतो. पलूस परिसरात उसाच्या फडाजवळ तोडकऱ्यांच्या कोपीत बाळ खोकू लागलं, तर ते शांत असताना पूर्ण मिनिटभर श्वास मोजावेत. २ ते ११ महिन्यांच्या बाळाचे ५०, १ ते ५ वर्षांच्या मुलाचे ४० किंवा जास्त भरले, तर न्यूमोनियाचा संशय. नुसत्या सर्दी-खोकल्याला प्रतिजैविक नको.

सौम्य न्यूमोनियाला तरी हवंच का? कराचीत ४,००२ मुलांवर हे तपासलं गेलं. ३ दिवस अमॉक्सिसिलिन हे प्रतिजैविक घेतलेल्यांत उपचार फसले २.६ टक्के, त्याविना ४.९ (२०२०). फरक लहान, पण आईबापांसाठी मोलाचा.

पण गावात ते द्यायचं कोणी? गडचिरोलीत डॉ. अभय व डॉ. राणी बंग यांनी गावातल्याच कार्यकर्त्यांकडे प्रतिजैविक सोपवलं. तिथे न्यूमोनियाच्या रुग्णांपैकी ०.८ टक्के मुलं दगावली, तुलनेच्या गावांत १३.५ (लॅन्सेट, १९९०).

बाळ दूध पिईना, आकडी आली, छाती आत ओढली गेली, तर लगेच दवाखाना.