बांधावरचे जळण आणि हवेतला कर्ब



उरण तालुक्यात मोरा बंदरापासून थोड्याच अंतरावर वायूवर चालणारे वीजकेंद्र आहे. तरीही आसपासच्या गावांत आंघोळीचे पाणी अजून पुष्कळदा लाकडावरच तापते. त्यात वाईट काही नाही, मात्र लाकूड कुठले ते पाहावे लागते.

कोरड्या लाकडात वजनाने निम्मा कर्ब असतो. एक किलो पूर्ण जळले की सुमारे पावणेदोन किलो कर्बवायू हवेत जातो. कोळसा व खनिज वायू यांतला कर्ब कोट्यवधी वर्षे जमिनीत गाडलेला. तो वर आला की हवेत भरच पडते. झाडातला कर्ब मात्र झाडाने हवेतूनच घेतलेला असतो. फांदी छाटली आणि पुन्हा फुटली, तर तो उसना परत फिटतो. बुंध्यालाच कुऱ्हाड लावली, तर ती उधारी तीस-तीस वर्षे राहते.

तिवरांची गोष्ट त्याहून बिकट. त्यांच्या मुळांखालच्या चिखलात शतकानुशतकांचा कर्ब दडलेला असतो. शिवाय लाटांचा मारा तीच झेलतात, म्हणून खाजणाचे बांध टिकतात. मुंबई उच्च न्यायालयाने 2005 साली तिवरतोडीला मनाई केली, ती सर्वांनाच लागू आहे.

आता राबाविषयी. दाढ भाजण्यासाठी आपण ऐनाच्या फांद्या तोडतो, त्यावर शेण-पालापाचोळा पसरून पेटवतो. तणाचे बी मरते, माती भुसभुशीत होते हे खरे. पण एवढ्या जळणावर एक भाकरीदेखील भाजली जात नाही! त्याऐवजी रोपवाटिकेत भाताच्या तुसाची काळी राख दर चौरस मीटरला अर्धा ते एक किलो मिसळावी. रोपांना सिलिका मिळते व ती कणखर होतात. चारसूत्री भात लागवडीतले हे पहिलेच सूत्र आहे.

दुसरे सूत्र गिरिपुष्पाचे, म्हणजे आपली उंदीरमारी. लावणीपूर्वी तिचा कोवळा पाला दर गुंठ्याला सुमारे 30 किलो चिखलात गाडावा. पाला शेताला, काठ्या चुलीला. जंगलात जायची पायपीट वाचते, आणि ती बहुधा घरातल्या बाईचीच असते, हे पुरुषमंडळींनी ध्यानात घ्यावे.

तोडलेली काठी लगेच चुलीत घालू नये. ओल्या लाकडात जवळजवळ निम्मे पाणी असते. ते आटवण्यातच आच खर्ची पडते आणि धूर डोळ्यांत जातो. उन्हाळ्यात फोडून पडवीत रचून ठेवावे. 1980 च्या दशकात धूरविरहित चुली गावोगाव बसल्या होत्या. तशी चूल अजून कोणाकडे असेल, तर नळीतली काजळी नेमाने काढावी; नळी तुंबली की ती साध्या चुलीपेक्षाही छळते.

लागवड सोपी आहे. पहिला पाऊस पडताच अंगठ्याएवढ्या जाडीची, हातभर लांब फाटी तिरपी रोवावी. खाऱ्या, पाणी साचणाऱ्या जागी ती जगत नाही, म्हणून वरकस जमिनीचा किंवा परसाचा बांध निवडावा. पहिले वर्ष छाटू नये. पुढे कमरेच्या खाली, पण गुडघ्याच्या वर कापावे.