किलोतलेचं राज्य

१९३२ या एका वर्षात कोल्हापूरच्या प्रभातने तीन बोलपट काढले, आणि तिन्ही मराठी-हिंदी असे दुहेरी. त्यातला 'अयोध्येचा राजा' सर्वांना ठाऊक आहे. मराठीतला तो पहिला बोलपट, ६ फेब्रुवारीला मुंबईच्या मॅजेस्टिकमध्ये लागलेला. 'अग्निकंकण', म्हणजे हिंदीतला 'जलती निशानी', आता बहुतेकांच्या लेखी नावापुरता उरला आहे. तिसरा 'माया मच्छिंद्र'. त्याचे दिग्दर्शक शांतारामबापू यांचा विषय निघाला की 'कुंकू', 'माणूस', 'शेजारी', 'दो आँखें बारह हाथ' अशी यादी सुरू होते. त्या यादीत याचा नंबर लागत नाही.

कथा तर आपल्या भागातली घरचीच. नवनाथांची पोथी घरोघर लावली जाते, वाळवा तालुक्यात मच्छिंद्रगड आहे, बत्तीस शिराळ्याला गोरक्षनाथांचं देऊळ. मच्छिंद्रनाथ स्त्रीराज्यात रमले आणि गोरखाने त्यांना तिथून ओढून आणलं, एवढं पोथी न वाचलेल्यालाही माहीत असतं. प्रभातने ती मणिशंकर त्रिवेदींच्या 'सिद्धसंसार' नाटकावरून घेतली. पुरुषांचा तिटकारा असलेली राणी किलोतला, तिच्या संसारात गुंतलेला जोगी आणि गुरू बिघडला म्हणून कासावीस झालेला शिष्य. शेवटी उलगडतं ते असं, की हा सगळा पसारा गुरूने शिष्याची परीक्षा पाहण्यासाठी मांडला होता. राज्य खोटं, राणी खोटी, प्रेमही खोटं.

असल्या विषयाचं या मंडळींना वावडं नव्हतंच. बाबूराव पेंटरांच्या महाराष्ट्र फिल्म कंपनीत शांतारामबापू, विष्णुपंत दामले, साहेबमामा फत्तेलाल आणि केशवराव धायबर यांनी पडेल ते काम केलं होतं. १९२९ साली १ जूनला सीताराम कुलकर्णींना बरोबर घेऊन त्यांनी प्रभात काढली, तेव्हा चमत्कार घडवण्याची विद्या हातात होतीच. धायबरांचा कॅमेरा, फत्तेलालांचे सेट, दामल्यांचं ध्वनिमुद्रण. मायेची गोष्ट म्हणजे ट्रिकसीनना मोकळं रान, आणि ते त्यांनी मनसोक्त वापरलं. बोलपट नुकताच आलेला, त्यामुळे माणसं बोलायला लागली की नाटकात उभी असल्यासारखी बोलतात, हा दोष मात्र लपत नाही.

प्रेमकथा म्हणून मामला फिका आहे, हे सांगून टाकलेलं बरं. मच्छिंद्रनाथ झाले गोविंदराव टेंबे. पेटीवादनात त्यांचा दबदबा, 'मानापमान'च्या चाली त्यांच्या, संगीतही त्यांचंच. पण वयाची पन्नाशी उलटलेली. पार्श्वगायन अजून यायचं होतं, गाता येईल तोच नायक. सत्तावीस वर्षांच्या दुर्गाबाई खोट्यांसमोर ते प्रियकर कमी आणि बुवा जास्त वाटतात. गळ्याने जिंकलं तेवढंच.

पण दुर्गाबाई! काही महिन्यांपूर्वी याच टेंब्यांसमोर त्या तारामती होत्या, नवऱ्याच्या सत्यापायी बाजारात विकली जाणारी. तोच दिग्दर्शक, तोच नायक, तीच नटी, आणि आता जोगी राणीच्या दारी. जोडीला तिचा पाळीव चित्ता. बाहेरच्या प्रेक्षकाला ही नुसती चैन वाटेल. कोल्हापूरकराला नव्हे, कारण इथल्या दरबारी चित्ते होते. डोळ्यांवर पट्टी बांधून त्यांना गाडीतून माळावर न्यायचं, काळविटांचा कळप दिसला की पट्टी काढून सोडायचं, अशी ती शिकार. चित्ता बाळगायचा तो राजाने, हे गावाला माहीत होतं. इथे तो एका बाईच्या हुकमात होता, आणि ती बाई मुंबईच्या सुशिक्षित, प्रतिष्ठित लाडांच्या घरातली. बऱ्या घरच्या मुलीने सिनेमात जाऊ नये असं म्हणणारा तो काळ.

गोरख झाले मास्टर विनायक, अस्सल कोल्हापूरचे. १९३२ साली गुरूच्या ब्रह्मचर्यासाठी जीव टाकणारा हा शिष्य १९३८ मध्ये अत्र्यांनी लिहिलेल्या 'ब्रह्मचारी'त औदुंबर झाला, आणि ब्रह्मचर्याची पार टोपी उडवली. हे ठरवून झालं नसेल. तरी गोरख आठवत 'ब्रह्मचारी' पाहिला तर हसू दुप्पट येतं.

'माया मच्छिंद्र' मागे पडला याची खरी कारणं दोन. एक तर 'अयोध्येचा राजा'ने पहिलेपणाचा सगळा मान नेला. दुसरं, शेवट. पुरुषांवाचून चालणारं राज्य दाखवायची हिंमत करायची आणि अखेरीस ते सगळं गुरूचं नाटक होतं असं म्हणून पुसून टाकायचं, यात किलोतलेवर अन्यायच आहे. पुरता वेळ पडदा तिने पेलला आणि निकालात तिचं अस्तित्वही धरलं नाही.

प्रभात १९३३ साली पुण्याला गेली. तिथे १९३६ मध्ये शांतारामबापूंनी दुर्गाबाईंनाच घेऊन 'अमरज्योती' केला. त्यातल्या सौदामिनीला स्वतःच्या मुलावरचा हक्क नाकारला जातो, म्हणून ती समुद्रावर चाचेगिरी करते. तोच ताठा, तीच नजर. मात्र या वेळी तिच्या बंडाला दिग्दर्शकाने स्वप्न म्हटलं नाही. पुढच्याच वर्षी 'कुंकू'तली नीरा आली, साध्या घरातली, तरी जरठविवाहापुढे मान न तुकवणारी. आपण दाद दिली ती नीरेला, आणि ते योग्यच आहे. शांतारामबापूंच्या पहिल्या पाच चित्रपटांत 'माया मच्छिंद्र' बसत नाही, बसवूही नये. पण त्यांच्या मानी बायकांचा हिशेब मांडायचा असेल तर तो 'कुंकू'पासून नव्हे, कोल्हापुरातल्या किलोतलेपासून मांडावा लागेल.