सरळ नदी, वाकडे परिणाम

पावसाळ्यात ओढ्याचे पाणी शेतात शिरले की गावात पहिली सूचना येते ती ‘ओढा सरळ करून टाका’ अशी. अमेरिकेत फ्लोरिडा राज्यातील किसिमी नदीबाबत हेच घडले. १९४७ च्या महापुरानंतर तिला सरळ करायचे ठरले आणि १९६२ ते १९७१ या काळात १६६ किलोमीटरची ही संथ, नागमोडी नदी ९० किलोमीटर लांब आणि ९ मीटर खोल अशा ‘सी-३८’ कालव्यात बंदिस्त झाली. पुढे याच कालव्याचा एक भाग बुजवावा लागला. नद्यांविषयीचे आपले अनेक गैरसमज या कहाणीतून दूर होतात.

गैरसमज : वळणे म्हणजे पाण्याच्या वाटेतला अडथळा.
वस्तुस्थिती : सपाट प्रदेशातील नदी वळणे घेतच वाहते. वळणाच्या बाहेरच्या काठाला धार जोरात लागते, काठ कापला जातो आणि तिथे डोह तयार होतो. आतल्या बाजूला पाणी संथ होते आणि वाळू साचते. डोहात मोठे मासे राहतात, उथळ वाळूवर पाणपक्षी चरतात. वळण काढून टाकले की या दोन्ही जागा एकदमच जातात.

गैरसमज : नदी सरळ केली की पुराचा प्रश्न मिटतो.
वस्तुस्थिती : किसिमीच्या वरच्या भागाला कालव्याचा फायदा झाला, हे खरे. पण पूर्वी पुराचे पाणी दोन्ही काठांवरच्या पाणथळ पट्ट्यात पसरून आठवडेच्या आठवडे, कधी महिनोन्‌महिने थांबत असे आणि हळूहळू उतरत असे. कालव्यामुळे ही साठवण संपली आणि पाणी थेट खालच्या ओकीचोबी तलावाकडे जाऊ लागले. वेगाने पुढे ढकललेले पाणी नाहीसे होत नाही, ते खालच्या माणसाच्या दारात पोहोचते.

गैरसमज : पात्रात पाणी आहे, म्हणजे नदी जिवंत आहे.
वस्तुस्थिती : सी-३८ मध्ये पाणी भरपूर होते. पण दरवाजे घालून त्याचे पाच टप्पे केले होते आणि प्रत्येक टप्प्यात पाणी तुंबून राहत असे. तुटलेली जुनी वळणे तरंगत्या वनस्पतींनी भरली, तळाशी कुजका गाळ साचला, पाण्यातला प्राणवायू घटला. हजारो हेक्टर पाणथळ जमीन कोरडी पडली. हिवाळ्यात उतरणारी बदके ९० टक्क्यांहून अधिक घटली.

गैरसमज : पुनरुज्जीवन म्हणजे नदी मोकळी सोडून द्यायची.
वस्तुस्थिती : हे काटेकोर अभियांत्रिकीचे काम आहे. १९९२ मध्ये त्याला कायद्याने मंजुरी मिळाली. आधी पुराखाली येणारी जमीन विकत घेतली गेली. १९९९ पासून कालव्याच्या काठावर टाकलेली मातीच पुन्हा कालव्यात भरायला सुरुवात झाली. दोन दरवाजे पाडले. वस्त्यांना पुराचा धोका होऊ नये म्हणून कालव्याची वरची आणि खालची टोके मात्र तशीच ठेवली. मधला सुमारे ३५ किलोमीटर कालवा बुजवला, तेव्हा जवळपास ७० किलोमीटर नदी पुन्हा वाहती झाली.

गैरसमज : एकदा मेलेली नदी परत येत नाही.
वस्तुस्थिती : जुन्या वळणांत धार सुरू होताच तिने तळाचा कुजका गाळ वाहून नेला आणि खालची स्वच्छ वाळू उघडी पडली. प्राणवायू वाढला. मातीत वर्षानुवर्षे निपचित पडलेले पाणवनस्पतींचे बी ओल मिळताच रुजले. बगळे आणि बदके परतली. सगळेच पूर्ववत झालेले नाही, पण वाट मिळाली की नदी आपले काम स्वतः हाती घेते, हे तिथे दिसले.

आपल्या ओढ्यात पोकलेन उतरण्याआधी ग्रामसभेत दोन प्रश्न जरूर विचारा : हे पाणी पुढे कुणाच्या शेतात जाणार, आणि इथे ते मुरायचे कुठे? किसिमीचा कालवा खोदायला नऊ वर्षे लागली. त्याचा एक भाग बुजवून नदीला तिची वळणे परत द्यायचे काम १९९९ मध्ये सुरू झाले, ते २०२१ मध्ये संपले. त्याला बावीस वर्षे लागली आणि खर्च आला सुमारे १०० कोटी डॉलर.