परिचर्या शिक्षणात प्रतिकृतींचे साहाय्य

शीर शोधून सुई टोचणे, मूत्रनलिका घालणे, थांबलेला श्वास पुन्हा सुरू करणे ही कौशल्ये केवळ ग्रंथवाचनाने येत नाहीत. त्यासाठी हाताला सवय व्हावी लागते. परंतु शिकाऊ हाताचा पहिला प्रयत्न आधीच व्याधीने गांजलेल्या रुग्णावर व्हावा काय? परिचर्या शिक्षणातील हा जुना पेच सोडविण्यासाठी मानवी देहाच्या प्रतिकृती उपयोगात आल्या.

१९११ साली अमेरिकेतील हार्टफर्ड येथील रुग्णालयाच्या परिचारिका प्रशिक्षण शाळेसाठी मार्था चेस यांच्या बाहुल्यांच्या कारखान्याने एक पूर्णाकृती बाहुली तयार केली. 'मिसेस चेस' या नावाने ती प्रसिद्धी पावली. रुग्णाला कुशीवर वळविणे, उचलणे, त्याचे कपडे बदलणे यांचा सराव विद्यार्थिनी तिच्यावर करीत. पुढे १९६० साली नॉर्वेतील खेळण्यांचे उत्पादक आस्मुंड लेर्दाल यांनी कृत्रिम श्वासोच्छ्वास शिकविण्यासाठी 'रेसुसी ॲन' ही प्रतिकृती निर्माण केली.

आज या साधनांचे अनेक प्रकार आहेत. कृत्रिम हातातील नळीत सुई अचूक शिरली की रंगीत द्रव दिसू लागतो. छातीच्या प्रतिकृतीवर मिनिटाला १०० ते १२० या गतीने, पाच ते सहा सेंटिमीटर खोल दाब देण्याचा सराव होतो. संगणकचलित पुतळ्यांची नाडी लागते, छातीतील ध्वनी ऐकू येतात आणि प्रशिक्षकाच्या इच्छेनुसार 'प्रकृती' बिघडते.

मात्र साधन महागडेच असावे असे नाही. 'मामानॅटली' हे साधन प्रशिक्षिका स्वतःच्या पोटावर बांधते आणि बाळंतिणीची भूमिका करते. प्रसूतीनंतर होणारा रक्तस्राव ती कमीअधिक करू शकते. असा रक्तस्राव ५०० मिलिलिटर वा त्याहून अधिक झाल्यास मातेच्या जिवाला धोका संभवतो. विद्यार्थिनीला गर्भाशय चोळणे, योग्य औषध देणे, मदत बोलावणे आणि त्याच वेळी घाबरलेल्या मातेला धीर देणे, ही सारी कामे एकदम करावी लागतात.

प्रसंग संपला म्हणजे शिक्षण संपले असे नव्हे. खरे शिक्षण त्यानंतरच्या चर्चेत घडते. काय केले, काय राहून गेले, औषधाची मात्रा का चुकली, याचा विचार दोषारोप न करता केला जातो. येथे झालेल्या चुकीची किंमत कोणाच्याही प्राणांनी मोजावी लागत नाही.

अमेरिकेतील परिचर्या मंडळांच्या राष्ट्रीय परिषदेने २०१४ साली एका पाहणीचे निष्कर्ष प्रसिद्ध केले. १० शिक्षणक्रमांतील ६६६ विद्यार्थ्यांच्या या पाहणीत रुग्णालयातील निम्म्यापर्यंतचे तास प्रतिकृतीवरील सरावाला दिले, तरी ज्ञानात व कौशल्यात लक्षणीय उणीव आढळली नाही. अर्थात, त्यासाठी प्रशिक्षित शिक्षक व पुरेशी साधने आवश्यक ठरतात. भारतीय परिचर्या परिषदेच्या २०२१ साली अधिसूचित झालेल्या सुधारित पदवी अभ्यासक्रमातही या पद्धतीला स्थान देण्यात आले आहे.

प्रतिकृती रुग्णाची जागा घेऊ शकत नाही. तिला वेदना नाहीत, घरची काळजी नाही, लाजही नाही. कपाटात कुलूपबंद राहिलेली प्रतिकृती तर काहीच शिकवीत नाही. परंतु तिच्यावर वारंवार सराव केलेली विद्यार्थिनी जेव्हा रुग्णाच्या खाटेजवळ उभी राहते, तेव्हा तिचे लक्ष थरथरत्या हाताकडे न राहता रुग्णाच्या चेहऱ्याकडे जाऊ शकते. या साधनांचे खरे मोल त्यातच आहे.