एसीचे काम शिकवावे का? आधी घरचा हिशेब मांडा

दहावीचा निकाल लागला की वस्तीतले पालक आमच्याकडे एक प्रश्न हमखास घेऊन येतात : मुलाला एसी-फ्रिजच्या कामाला घालायचे का? प्रश्न रास्त आहे. ज्या चाळीत पूर्वी पंखा मिळणे मुश्कील होते, तिथेही आज खिडकीबाहेर एसीचे डबे लटकताना दिसतात. इस्पितळे, मॉल, औषधांची गोदामे, ससून डॉकची मासळी, नाशिकची द्राक्षे, कशाचेही थंडाव्यावाचून चालत नाही. मुंबईत २५ डिसेंबर २०१७ रोजी पहिली एसी लोकल धावली. काम भरपूर आहे, याबद्दल आम्हाला शंका नाही. पण ते शिकायला घराला काय पडते आणि पैसे केव्हा फिटतात, हे कोणी विचारत नाही. सगळे फक्त फी विचारतात.

फी हा खर्चाचा सर्वांत लहान आकडा आहे. सरकारी आय.टी.आय.मध्ये रेफ्रिजरेशन-एसीचा कोर्स दोन वर्षांचा, दहावी पास झालेल्यांसाठी. तेथील फी खासगी संस्थेच्या मानाने फारच कमी. शिवाय अनुसूचित जातीच्या विद्यार्थ्याला, घरचे वार्षिक उत्पन्न अडीच लाखांच्या आत असेल तर, भारत सरकारची मॅट्रिकोत्तर शिष्यवृत्ती मिळते. खरा खर्च म्हणजे मुलाची बुडालेली कमाई.

समजा, तोच मुलगा दहावीनंतर गोदामात हेल्पर म्हणून लागला आणि महिना १०,००० रुपये घरी आणू लागला. दोन वर्षांत झाले २,४०,००० रुपये. आय.टी.आय. नंतर साधारण एक वर्ष अॅप्रेंटिस. २०१९ च्या नियमांनी आय.टी.आय. झालेल्याला किमान विद्यावेतन महिना ७,००० ठरले. म्हणजे त्या वर्षी ३,००० च्या फरकाने आणखी ३६,००० गेले. प्रवास, वह्या-पुस्तके, गणवेश, हत्यारे यांचे २४,००० धरू. एकूण तीन लाख रुपये.

आता जमेची बाजू. तीन वर्षांनी आपला मुलगा मेकॅनिक म्हणून १८,००० वर लागला आणि हेल्पर तोवर १२,००० वर पोचला, असे धरू. फरक ६,००० चा. तीन लाख फिटायला ५० महिने, म्हणजे चार वर्षे दोन महिने. पुढची सगळी कमाई नफ्यात. पण तोच मुलगा एखाद्या छोट्या दुकानात १५,००० वर अडकला, तर १०० महिने लागतील. हे आकडे आम्ही नमुन्यादाखल घेतले आहेत. तुमच्या गावचा पगार घालून तुम्ही स्वतः हिशेब करा. कोर्स चांगला की वाईट, हे शेवटी पुढे नोकरी कुठे लागते यावर ठरते.

म्हणून अॅप्रेंटिसचे वर्ष चुकवू नये. "सात हजारांत काय होते, बाहेर जास्त मिळतात," असे म्हणून पुष्कळ मुले ते सोडतात. पण मोठे प्लँट, चिलर, कोल्ड स्टोरेज यांवर हात बसतो तो तिथेच. घरगुती एसीचा धंदा सीझनचा आहे. मार्च ते जून जेवायला फुरसत नसते, पावसाळ्यात फोन वाजत नाही. इस्पितळाचा किंवा औषध कारखान्याचा प्लँट मात्र बाराही महिने चालतो. रेल्वेतही तंत्रज्ञ आणि असिस्टंट लोको पायलटच्या भरतीत हा ट्रेड चालतो.

आता त्या सहा महिन्यांच्या क्लासविषयी. स्टेशनबाहेर जाहिराती लागलेल्या असतात, "शंभर टक्के नोकरी". आमच्या ओळखीच्या एका माउलीने धुणीभांडी करून, वर कर्ज काढून असल्याच एका क्लासला मुलाला घातले. नोकरी मिळाली ती हेल्परची. हिशेब पाहा : समजा फी ६०,०००, सहा महिन्यांची कमाई बुडाली ६०,०००. हाती आलेल्या कागदामुळे पगार वाढला हजार रुपयांनी, तर फिटायला दहा वर्षे, कर्जाचे व्याज वेगळेच. पैसे भरण्याआधी एकच विचारा : राष्ट्रीय व्यवसाय प्रमाणपत्र, म्हणजे एन.टी.सी., मिळणार का? उत्तर घोळात दिले तर उठून या. मात्र जो मुलगा आधीच चार वर्षे मिस्त्रीच्या हाताखाली आहे, त्याला इन्व्हर्टर आणि नवे गॅस शिकवणारा छोटा वर्ग उपयोगी पडतो, हेही सांगितले पाहिजे.

काहीजण म्हणतील, मिस्त्रीकडेच फुकट का शिकू नये? शिकावे, पण हे काम बदलले आहे. जुना आर-२२ गॅस ओझोनला मारक म्हणून टप्प्याटप्प्याने बंद होत आहे. २०३० पर्यंत नव्या मशिनांतून तो गेलेला असेल. त्याच्या जागी आलेला आर-३२ सौम्य ज्वलनशील आहे, आर-२९० तर प्रोपेन, आपल्या स्वयंपाकाच्या गॅसचा सख्खा भाऊ. लाइन तपासायला नायट्रोजन वापरायचा असतो. काहीजण ऑक्सिजन भरतात, तो कॉम्प्रेसरच्या तेलाशी मिळून स्फोट होतो. वीज बंद केली तरी कॅपॅसिटरमध्ये झटका शिल्लक असतो. आणि दहाव्या मजल्याच्या सज्जावर आऊटडोअर युनिट बसवायला पट्ट्याशिवाय उभा राहणारा मुलगा आपल्याच घरातला असतो. मालकाने पट्टा दिला का, ई.एस.आय. आणि पी.एफ. कापतो का, हे पगाराआधी विचारायला आईवडिलांनी लाजू नये. दर कॉलमागे पैसे देणारा ठेकेदार पडझडीच्या दिवशी ओळखही दाखवत नाही.

मुलींनाही हा ट्रेड खुला आहे. सर्किट दुरुस्तीला आणि प्लँटच्या कंट्रोल रूमला ताकद लागत नाही, डोके लागते.

पुढे स्वतःचे दुकान टाकायचे तर व्हॅक्यूम पंप, गेज, ब्रेझिंगचा संच लागतो. अनुसूचित जाती व नवबौद्धांसाठी महात्मा फुले मागासवर्ग विकास महामंडळाच्या कर्जयोजना आहेत, त्या सावकाराआधी पाहाव्यात.

आणि कागदपत्रे. आय.टी.आय.चा प्रवेश दहावीच्या गुणांवर, ऑनलाइन अर्जाने होतो. अनुसूचित जातीच्या सवलती केंद्रात बौद्धांना १९९० च्या कायद्याने लागू झाल्या, पण हातात दाखला नसेल तर राखीव जागा समोर असून मिळत नाही. जातीचा आणि उत्पन्नाचा दाखला निकालाची वाट न पाहता काढून ठेवा. केंद्राच्या भरतीला केंद्राच्या नमुन्यातला दाखला लागतो, तोही त्याच फेरीत मागून घ्या.